उरलेलं अंतर ठेवायचं कुठे?

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओचं दार बंद केलं. ते पुन्हा उघडायला सुमारे तीस वर्षं लागली. बंदी उठली, पण वाद मिटला नाही. पेटीचा गांधार चढा आहे, ही गायकांची तक्रार आजही तितकीच खरी आहे. पेटीशिवाय कीर्तन, नाट्यसंगीत, मैफल आणि गल्लोगल्लीचे गाण्याचे क्लास चालत नाहीत, हेही तितकंच खरं. या वादात रुची, परंपरा, स्वदेशी-परदेशी असं बरंच काही मिसळलं आहे. पण त्याच्या बुडाशी एक साधं, न सुटणारं गणित आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय कोणत्याही बाजूने बोलणं अपुरं राहतं.

पुढचा संवाद एका आत्या-भाच्याचा आहे. आत्या ख्याल गाते आणि शिकवते. भाचा कॉलेजात गणित शिकवतो आणि मैफलींत पेटीची साथ करतो.

भाचा : आत्या, पेटी बेसूर आहे असं तू शिष्यांना सांगतेस. बेसूर म्हणजे कशाच्या तुलनेत, ते आधी ठरवू या.

आत्या : तंबोऱ्याच्या. दुसरं प्रमाण हवंच कशाला? जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाची तार छेडली की तिच्यातून गांधार आपोआप बोलायला लागतो. तो कोणी लावलेला नसतो, म्हणून आम्ही त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. मिरजेचा कारागीर घोडीवर बारीक कानस फिरवून जवारी काढतो, मग तारेखाली दोरा सरकवून बघतो, पुन्हा कानस फिरवतो. त्याची ती सगळी खटपट हा गांधार मोकळा व्हावा यासाठीच असते. पेटीवरचा गांधार त्याच्या शेजारी ठेव. जुळतच नाही. वर जाऊन बसतो.

भाचा : हे मला मान्य आहे, आणि ते मोजताही येतं. तार एकाच वेळी पूर्ण लांबीने कंप पावते, अर्ध्या लांबीने, तिसऱ्या हिश्शाने, चौथ्या, पाचव्या हिश्शाने. पाचव्या हिश्शातून मूळ कंपनसंख्येच्या पाचपट स्वर निघतो. तो दोन सप्तकं खाली आणला की ५/४ होतो. तोच तुझा स्वयंभू गांधार. घोडीच्या पसरट, किंचित उतरत्या पाठीमुळे आणि दोऱ्यामुळे हे वरचे स्वरांश ठळक होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तार ज्या जागी छेडल्यावर एखादा स्वरांश उमटूच नये, तिथे छेडली तरी तंबोऱ्यात तो उमटतो, हे त्यांनी दाखवलं.

आत्या : मग आकडे सांग.

भाचा : षड्ज २४० धरू, जुन्या पुस्तकांत धरतात तसा. स्वयंभू गांधार बरोबर ३००. पेटीचा गांधार ३०२.४. आता षड्जाचा पाचवा स्वरांश १२०० आणि पेटीच्या गांधाराचा चौथा स्वरांश साधारण १२०९.५. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात.

आत्या : आम्ही त्याला सूर घासणं म्हणतो. विलंबित यमनात गांधारावर न्यास करून थांबावं आणि साथीदाराने तिथेच पट्टी दाबून धरावी. तंबोरा एक सांगतो, पेटी दुसरं सांगते, आणि मधे गाणाऱ्याचा गळा सापडतो.

भाचा : आता पंचम बघ. शुद्ध पंचम ३/२, म्हणजे ३६०. पेटीचा ३५९.६. इथे विस्पंद सेकंदाला एकसुद्धा पुरा होत नाही. पंचमाबद्दल तुझी तक्रार नसते, ती यामुळेच.

आत्या : म्हणजे पेटी बनवणाऱ्यांनी पंचम सांभाळला आणि गांधाराचा बळी दिला. असा भेद का केला?

भाचा : बळी द्यायचा की नाही, हे त्यांच्या हातात नव्हतं. कोणाचा द्यायचा, एवढंच हातात होतं. षड्जापासून पंचम लाव. त्या पंचमाला षड्ज मानून पुन्हा पंचम लाव, तो रिषभ. रिषभाचा पंचम धैवत, धैवताचा पंचम गांधार. असं बारा वेळा केलं की बाराही स्वर मिळतात आणि आपण सात सप्तकं वर, पुन्हा षड्जावर येतो.

आत्या : येतो ना?

भाचा : येत नाही. ३/२ बारा वेळा गुणलं तर १२९.७५ च्या आसपास येतं. सात सप्तकं म्हणजे दोनचा सातवा घात, १२८. बारावा पंचम षड्जाच्या पुढे निघून जातो. बारा सोडून कितीही पंचम घे, तो कधीच षड्जावर पडणार नाही. तीनचा कोणताही घात विषम, दोनचा कोणताही घात सम. विषम संख्या सम संख्येशी बरोबर कशी होईल? त्रेपन्न पंचमांनी एकतीस सप्तकांच्या फार जवळ जाता येतं, पण जवळच. साखळी मिटत नाही.

आत्या : चांद्र वर्ष आणि सौर वर्ष जसं मिटत नाही तसं.

भाचा : अगदी तसंच. बारा चांद्र महिन्यांचं वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी भरतं. ते दिवस कोणी पुसू शकत नाही. पंचांगकर्ता ते साठवतो आणि एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून हिशेब जुळवतो. स्वरांच्या बाबतीत हेच करावं लागतं. अंतर उरणारच, ते कुठे ठेवायचं हे आपण ठरवायचं.

आत्या : आणि तुझ्या पेटीने ते सगळीकडे थोडंथोडं वाटून टाकलं.

भाचा : ते फार उशिरा झालं. त्याआधी युरोपातल्या ऑर्गनवर शतकानुशतकं तू म्हणतेस तेच चालू होतं. गांधार शुद्ध पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आता इथे एक गंमत आहे. शुद्ध पंचमांनी चार पावलं चालत गेलीस तर गांधार मिळतो ८१/६४, म्हणजे ३०३.७५. तो पेटीच्या गांधारापेक्षाही चढा आहे! शुद्ध पंचमांची साखळी आणि शुद्ध गांधार एकत्र नांदत नाहीत. म्हणून त्यांनी प्रत्येक पंचम किंचित उतरवला, ३६० चा ३५८.९ केला. चार पावलांनंतर गांधार नेमका ३०० वर आला. अकरा पंचम असे बसवले आणि सगळी चूक बाराव्यावर येऊन साचली. तो बारावा पंचम ३६० च्या जागी ३६७ च्याही वर जायचा. ऐकवत नसे, लांडग्याच्या केकाटण्यासारखा वाटे. वादक त्या वाटेला जातच नसत.

आत्या : मला तो मार्ग शहाणपणाचा वाटतो. जिथे जायचं नाही तिथे चूक ढकलून दिली आणि जिथे राहायचं ते घर स्वच्छ ठेवलं.

भाचा : पण पुढे त्यांना सगळीकडे जायचं होतं. एकाच रचनेत षड्ज बदलायचा, परत यायचं, पुन्हा तिसरीकडे जायचं. बाख या जर्मन संगीतकाराने १७२२ मध्ये चोवीसही स्वरपट्ट्यांमधल्या रचनांचा संग्रह केला. त्याच्या वाद्याची स्वरजुळणी आजच्यासारखी पूर्ण समान होती असं नाही, पण लांडगा हाकलल्याशिवाय ते जमलंच नसतं. सप्तकाचे बारा सारखे भाग करण्याचं गणित तर आधीच तयार होतं. चीनमधल्या मिंग राजघराण्यातल्या जू झाय-यू याने ते १५८४ मध्ये मांडलं. अशी संख्या शोधायची की ती बारा वेळा स्वतःशी गुणली तर नेमके दोन यावेत. ती १.०५९४६३ च्या आसपास आहे. तिने गुणत गेलं की पुढची पट्टी. कोणत्याही पट्टीला षड्ज माना, अंतरं तीच. मला यात मोठा न्याय दिसतो. कोणताही स्वर लाडका नाही, कोणताही बहिष्कृत नाही.

आत्या : न्याय पट्ट्यांना मिळाला, रागाला नाही. अरे, त्यांना षड्ज हलवायचा होता म्हणून त्यांनी किंमत मोजली. आमचा षड्ज मैफल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हलत नाही. मागे दोन तंबोरे तेच सांगत असतात. ज्या प्रवासाला आम्ही निघतच नाही, त्याचं भाडं आम्ही का भरायचं?

भाचा : तुझा षड्ज हलत नाही, पण पेटीपुढे बसणारे गायक बदलतात. आधीचे बुवा काळी एकमध्ये गातात, तू काळी चारमध्ये. काळी एकला षड्ज धरून मी पेटी तुझ्या मनासारखी, शुद्ध अपूर्णांकांनी लावली, तर तू बसल्याबरोबर तीच पेटी बिघडते.

आत्या : म्हणून जाणकार साथीदार गायकाच्या षड्जावर गांधार ट्यूनिंग केलेली पेटी आणतात. कारागीर सुरांच्या पितळी पत्त्या खरवडून देतात. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. कष्टाचं काम आहे, पण होतं.

भाचा : होतं, आणि अशा पेटीवर तुझ्या षड्जाला साथ करताना मलाही फार आनंद होतो. पण आता तुझ्या अंगणात येऊन विचारतो. षड्ज एकच, गायिका एकच. धैवत किती?

आत्या : म्हणजे?

भाचा : रिषभ २७०, पंचमाच्या तारेतून निघतो तो. या रिषभाचा शुद्ध पंचम ४०५. हा एक धैवत. आता तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लाव. मध्यम ३२०. त्याचा स्वयंभू गांधार ४००. हा दुसरा धैवत. दोन्ही तंबोऱ्याने दिले, दोन्ही शुद्ध. धैवत ४०० धरलास तर रिषभ-धैवताची जोडी फाटते, सेकंदाला दहा विस्पंद येतात. ४०५ धरलास तर मध्यम-धैवत फाटते. पट्टी एकच आहे. मी काय करू?

आत्या : राग कोणता ते आधी विचार! बागेश्रीत तंबोरा मध्यमाला लावलेला असतो, धैवत मध्यमाच्या आश्रयाने येतो, तिथे उतरलेलाच धैवत गोड लागतो. देसकारात धैवत वादी, तो आम्ही चढा आणि खडा लावतो. भूपाचे आणि देसकाराचे पाचही स्वर तेच, पण धैवतावर पहिली वेळ थांबलं की जाणकाराला राग कळतो. हे मी शिकवताना अपूर्णांक सांगत नाही. आधीच्या स्वराकडे कान ठेवून जा, एवढंच सांगते. जागा आपोआप सापडते.

भाचा : म्हणजे उरलेलं अंतर तुझ्या गाण्यातही आहे. पेटीचा धैवत ४०३.६, तुझ्या दोन धैवतांच्या मधे.

आत्या : म्हणजे दोन्हींपैकी एकही नाही.

भाचा : आणि दोन्हींपासून फार लांबही नाही. मधली जागा धरणं हा गुन्हा नव्हे. पण तुला ती नकोच असेल, तर बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांची, पेटी घे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींचे अपूर्णांक मांडले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचं साहाय्य त्यांना होतं. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची हार्मोनियमही करवून घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुती वाजवणारी पेटी बनवली. दोन धैवतांचा प्रश्न तिथे सुटतो.

आत्या : त्या सगळ्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडते. पण श्रुती म्हणजे बावीस ठरलेले खण, हे मला पटत नाही. नाट्यशास्त्रात भरताने दोन वीणा घ्यायला सांगितल्या. एक तशीच ठेवायची, दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायचा, मग बाकीचे स्वर त्याच्याशी जुळवायचे, आणि दोन्ही वीणांमधला फरक कानाने ओळखायचा. षड्ज चार, रिषभ तीन, गांधार दोन, मध्यम चार, पंचम चार, धैवत तीन, निषाद दोन, अशा बावीस श्रुती. शार्ङ्गदेवाने देवगिरीत, यादवांच्या आश्रयाला राहून, तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला. त्यात बावीस तारांची वीणा आहे. प्रत्येक तार आधीच्या तारेहून इतकीच चढी लावायची की दोन्हींच्या मधे तिसरा नाद ऐकू येऊ नये. दोघांनीही अपूर्णांक दिलेले नाहीत. त्यांची कसोटी कान हीच होती.

भाचा : तारेची लांबी मोजून स्वर सांगायची रीत आपल्याकडेही आली. सतराव्या शतकात अहोबलाने संगीतपारिजातात तारेचे भाग करूनच स्वरांच्या जागा दिल्या. आणि आता मी असं काही सांगतो जे तुला बोचेल. १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या वादन-गायनातले स्वर उपकरणाने मोजले. एकाचा गांधार दुसऱ्याच्या गांधाराशी जुळेना, आणि एकाच कलावंताचा तोच स्वर त्याच मैफलीत जागा बदलताना दिसला. स्वरांतर मोजायची जी सूक्ष्म पट्टी आज जगभर वापरतात, ती १८८५ मध्ये देणाऱ्या अलेक्झांडर एलिसने देशोदेशीची स्वरसप्तकं मोजून हाच निष्कर्ष काढला की निसर्गाने दिलेलं असं एकच सप्तक नाही. मग ५/४ हीच एकमेव शुद्धता कशी?

आत्या : मला ते बोचत नाही. दरबारीचा कोमल गांधार मोजायला गेलास तर तो एका जागी सापडेलच कसा? तो आंदोलित आहे. खालून उचलायचा, झुलवायचा, पुन्हा रिषभाकडे सोडायचा. त्याची जागा म्हणजे तो सगळा झोका. मींडेतला, तानेतला, कणातला स्वर अपूर्णांकाला बांधलेला नाही, हे प्रत्येक गायक जाणतो. पण न्यास घेऊन थांबलो, श्वास सोडला, तंबोऱ्यात आवाज मिसळला, तिथे ५/४ चं राज्य सुरू होतं. तिथे घासणं ऐकू येतं किंवा येत नाही. सरासरी काढणाऱ्या उपकरणाला थांबलेला स्वर आणि चाललेला स्वर सारखेच. गायकाला नाहीत.

भाचा : हा मुद्दा मात्र पक्का आहे. विस्पंद ऐकू यायला वेळ लागतो. सेकंदाला नऊ-दहा विस्पंद असतील, तर द्रुत तानेतला गांधार त्यांतला एखादा पुरा व्हायच्या आत निघून गेलेला असतो. म्हणजे पेटीची चूक सर्वत्र सारखी छापलेली असली, तरी कानाला ती सर्वत्र सारखी लागत नाही. लागते ती थांबण्याच्या जागी.

आत्या : मग साथ करताना थांबण्याच्या जागी तू का वाजवतोस?

भाचा : यापुढे यमनात तू गांधारावर थांबलीस की मी षड्ज-पंचमावर असेन. तिथे पेटीची चूक जवळपास नाहीच. हे जुने साथीदार न सांगता करत. त्याचं कारण आकड्यांत आहे. पण बदल्यात तूही एक शब्द मागे घे. पेटी बेसूर आहे, असं म्हणू नकोस. बेसूर म्हणजे हलगर्जीपणा. पेटीची चूक नेमकी ठरवलेली, दहाव्या दशांशापर्यंत हिशेब देता येईल अशी आहे. ती कारागिराची नाही, युरोपची नाही. दोन, तीन आणि पाच या संख्यांचीच ती आहे.

आत्या : शब्द मागे घेते. पण संख्यांच्या माथी सगळं मारून तू सुटत नाहीस. अंतर उरणार हे संख्यांनी ठरवलं. ते कुठे ठेवायचं हे माणसांनी ठरवलं. ज्यांनी बारा ठिकाणी वाटलं, त्यांनी आपल्या संगीतासाठी वाटलं, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच होतं. आम्ही ते गायकाच्या गळ्यावर सोपवलं. प्रत्येक रागात, प्रत्येक न्यासावर, शेजारचा स्वर बघून तो क्षणात निर्णय घेतो. पट्ट्यांच्या वाद्याला निर्णय आधीच, एकदाच घ्यावा लागतो. ही पेटीची मर्यादा आहे आणि गळ्याचं भाग्य आहे.

भाचा : मान्य. पण गळा ते भाग्य घेऊन जन्माला येत नाही, ते शिकावं लागतं. चाळीस मुलांच्या क्लासमध्ये ते शिकवणार कसं? पेटी नसती तर त्यांतल्या निम्म्यांना सा कुठे आहे तेही कळलं नसतं. महाराष्ट्रात गाणं घरोघर पोचलं ते पेटीमुळे. भजनी मंडळात कोण तंबोरा लावत बसणार?

आत्या : माझी खरी काळजी तिथेच आहे. मैफलीतल्या साथीची नाही. मोठ्या गायकाला पेटी बिघडवू शकत नाही. त्याचा कान तयार असतो, तो पेटीवरून पुढे जातो. पण सात वर्षांची मुलगी रोज पेटीच्या पट्टीला गळा लावते, ३०२ चा गांधार तिच्या कानात बरोबर म्हणून बसतो. पुढे तंबोऱ्यातून खरा गांधार आला तर तिला तोच उतरलेला वाटतो. जो दागिना तिला फुकट मिळणार होता, तो ओळखायची नजरच आपण काढून घेतली.

भाचा : यावर माझ्याकडे गणिती उत्तर नाही. एवढंच म्हणेन की पेटी काढून टाकणं हा उपाय नव्हे. मुलीला दोन्ही ऐकवावेत. तंबोऱ्याचा गांधार, लगेच पेटीचा, आणि दोन्ही एकत्र वाजवून ते घासणं तिला कानाने मोजायला लावावं. ज्या मुलीला ३०० आणि ३०२ मधला फरक ऐकू आला, तिचा कान पेटी बिघडवणार नाही. मी कॉलेजात दोनचं बारावं मूळ शिकवतो तेव्हा मुलं ते निमूटपणे उतरवून घेतात. तंबोरा आणि पेटी वर्गात आणली, तर त्यांना कळेल की हे मूळ माणसाला कशासाठी काढावं लागलं.

आत्या : मग क्रम माझा राहील. पहिलं वर्ष फक्त तंबोरा. खुंटी पिळून, मणी सरकवून तार स्वतः लावायची, स्वतःच्या कानाने गांधार मोकळा करायचा. त्यानंतर पेटी.

भाचा : भजनी मंडळाला आणि चाळीस मुलांच्या क्लासला हे परवडणार नाही, असं मला अजूनही वाटतं. पहिल्या दिवसापासून दोन्ही असावीत, हे माझं मत.

आत्या : असू दे. तुझ्या क्लासमध्ये दोन्ही ठेव, माझ्यात वर्षभर तंबोरा. मात्र जिथे फक्त पेटीवर गाणं शिकवलं जातं, तिथल्या मुलांना अर्धंच गाणं मिळतं, एवढं तरी आपण दोघांनी मिळून सांगितलं पाहिजे.

भाचा : ते मी गणिताच्या वर्गातही सांगेन.